देवघरासमोरचा ओला कोपरा

वागळे इस्टेटमधलं बाबांचं वर्कशॉप बंद पडलं तेव्हा आम्ही ठाण्यातली भाड्याची खोली सोडून आंबिवलीला आलो. वर्कशॉप बाबांचं म्हणजे बाबांच्या मालकीचं नव्हे, ते तिथे लेथ मशीनवर कामाला होते. एका सोमवारी शटर उघडलंच नाही, एवढंच कळलं. मग बाबांनी मिळेल ते केलं. वॉचमनकी केली, लग्नाच्या हॉलवर खुर्च्या लावल्या, काही दिवस नारळ विकले. आईने कल्याणमध्ये चार घरची धुणीभांडी धरली. घरातलं रॉकेल संपलं की आम्ही दिवेलागणीलाच अंथरुणं टाकायचो, आणि आई म्हणायची, लवकर झोपणाऱ्याला आयुष्य जास्त असतं.

आईच्या त्या चार घरांपैकी एका घरात पॉमेरेनियन कुत्रा होता. पांढराशुभ्र, लाडका, वाढदिवसाला केक कापणारा. पण त्याला खाली न्यायचा सगळ्यांनाच कंटाळा. त्यामुळे आई गेल्या गेल्या पहिलं काम म्हणजे, हॉलमध्ये त्याने जिथे जिथे करून ठेवलं असेल ते पुसणं. बाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसायच्या आणि बोट दाखवायच्या, "इथे पण बघ गं, टीपॉयखाली." आई घरी येऊन हात राखेने घासायची. मला त्या कुत्र्याचा राग यायचा. आईला यायचा नाही. ती म्हणायची, "त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नाही कुठे करायचं ते. तो काय करणार?"

मी आमच्या खानदानातली पहिली ग्रॅज्युएट. बीएस्सी, झूलॉजी, सेकंड क्लास. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण ते सांगायचा हक्क मी मिळवलाय. आणि ती डिग्री घेऊन इतकी वर्षं मी काय करत आले, तर लोकांच्या घरी जाऊन कुत्र्याच्या पिल्लांना शी-शू कुठे करायची ते शिकवत आले. डोंबिवलीत, कल्याणात, ठाण्यात. बाबा नातेवाइकांना सांगायचे, "मुलगी जनावरांच्या डॉक्टरकडे असते." ते खरंच होतं. पुढचं ते सांगायचे नाहीत.

डॉक्टरांकडे मी रिसेप्शनवर लागलेले. इंजेक्शनला पिल्लू घेऊन येणारा प्रत्येक माणूस शेवटी एकच प्रश्न विचारायचा, डॉक्टर, हा घरभर करतो हो. डॉक्टरांकडे वेळ नसायचा. ते माझ्याकडे बोट दाखवायचे, "त्या मॅडम सांगतील." मी सांगायचे. मग लोक म्हणायला लागले, मॅडम घरी येऊनच बघा ना. अशी मी घरोघरी जायला लागले ती आजतागायत.

आता हे काम काय असतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं यात शिकवायचं काय. पिल्लू दोन-अडीच महिन्यांचं असतं. त्याला धरून ठेवता येत नाही, जसं तान्ह्या बाळाला येत नाही. तो झोपून उठला की करणार, जेवला की करणार, खेळून दमला की करणार. या तीन वेळा ज्याने सांभाळल्या त्याचं निम्मं काम झालं. करायच्या आधी तो जमीन हुंगतो आणि एका जागी गोल फिरायला लागतो. त्या क्षणी उचलून ठरलेल्या जागी न्यायचं. "थांब, फोन ठेवतो आणि नेतो" असं चालत नाही. त्याने तिथे केलं की तिथल्या तिथे शाबासकी आणि काहीतरी खायला. नंतर नाही. नंतर दिलं तर त्याला वाटतं, घरात परत आल्याबद्दल बक्षीस मिळालं. इंजेक्शनं पूर्ण होईपर्यंत खाली रस्त्यावर न्यायचं नाही, म्हणून ठरलेली जागा म्हणजे बाथरूम नाहीतर ड्राय बाल्कनी, म्हणजे स्वयंपाकघरामागची ती वॉशिंग मशीन ठेवायची चिंचोळी जागा. आणि चुकून घरात झालंच तर ओरडायचं नाही, मारायचं नाही. वास जाईपर्यंत पुसायचं. कारण पिल्लू डोळ्यांनी घर बघत नाही, नाकाने बघतं. जिथे वास, तिथे संडास. एवढाच त्याचा नियम.

झालं. एवढंच शास्त्र. पण ते माणसांना शिकवायला जन्म जातो. पिल्लू पटकन शिकतं.

घोडबंदर रोडला एक गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं, कुत्र्याशी इंग्रजीतच बोलायचं, ट्रेनिंग इंग्रजीतच असतं. दिवसभर ते आणि बायको "नो, नो, बॅड बॉय" करायचे आणि पिल्लू गालिच्यावर करायचं. त्यांच्या आई मालवणच्या. त्या बाल्कनीच्या दारात उभ्या राहून नुसतं "यो रे, हंय यो" म्हणायच्या, की पिल्लू धावत जाऊन जागेवर करून यायचं. गृहस्थांनी मला विचारलं, "हे कसं?" म्हटलं, आई चोवीस तास घरात असतात, त्यांनी त्याच्या वेळा ओळखल्यात. त्यांना ते पटलं नाही. ते म्हणाले, "टोन असेल."

ठाण्यात खाडीच्या बाजूला, जुन्या गावठाणात, फिलोमिना आँटी म्हणून होत्या. ख्रिस्ती कुटुंब, पूर्वी भातशेती आणि मासेमारी दोन्ही करणारं. मी त्यांच्या पिल्लासाठी परदेशी बिस्किटांचा डबा घेऊन गेले होते. आँटींनी बिस्कीट नाकाला लावलं आणि म्हणाल्या, "हे तू तरी खाशील काय?" आत जाऊन सुक्या बोंबलाचा तुकडा आणला, बोटाच्या नखाएवढा. ते पिल्लू त्या तुकड्यासाठी काहीही करायला तयार. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये सुक्या बोंबलाची डबी असते. रिक्षात शेजारी बसलेले लोक माझ्याकडे बघतात, मी बाहेर बघते.

सगळं जमलंच असं नाही. ठाण्यातलं एक जोडपं, दोघं सकाळी आठला बाहेर पडणार आणि अंधार पडल्यावर येणार. गोंडस लॅब्रेडॉर आणलेला. दिवसभर एकटा, सगळं घर त्याचा संडास. मी सांगितलं, दिवसा कुणीतरी माणूस ठेवा. त्यांनी हो हो केलं. पुढच्या वेळी गेले तेव्हा घर चकाचक होतं आणि पिल्लू नव्हतं. "फार्महाऊसला दिला. तिथे मोकळी जागा आहे ना, खूष आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी कुठलं फार्महाऊस ते विचारत नाही. काही ठिकाणी खरंच फार्महाऊस असतं. काही ठिकाणी नसतं. त्या लॅब्रेडॉरचे कान मला अजून आठवतात.

म्हणूनच मानपाड्याच्या पावसकरांच्या घरात निलेशने मला "मुरबाडला एका मित्राचं शेत आहे" म्हणून सांगितलं, तेव्हा मी उचललेली पर्स परत खाली ठेवली.

निलेश पावसकर एका कंपनीत, त्याची बायको अनुजा बँकेत, आणि घरात निलेशच्या आई शैलाकाकू. पंचाहत्तरीच्या आसपास, कडक, सडपातळ, दिवसातून दोनदा देवपूजा. अनुजाला एमआयडीसीतल्या एका पाइपाखाली पिल्लू सापडलेलं. गावठी, मातकट रंगाचं, एक पाय पांढरा. तिने त्याला घरी आणून आंघोळ घातली आणि नाव ठेवलं पेढा. काकूंना पहिलं दुखणं ते नावच. "देवाला दाखवायच्या वस्तूचं नाव कुत्र्याला? मी नाही घेणार." त्या त्याला "तो" म्हणायच्या. "तुमचा तो आला बघा."

पेढा हुशार होता. मी गेले त्या आठवड्यातच त्याला ड्राय बाल्कनी कळली. तिथे आधी वर्तमानपत्र घालायचा माझा विचार होता, पण काकू म्हणाल्या, "छापील अक्षरावर? मुळीच नाही." मग तरटाचा तुकडा घातला. बक्षिसाचाही प्रश्न आला, कारण श्रावण लागलेला आणि माझी बोंबलाची डबी काकूंनी दाराबाहेरच ठेवायला लावली. त्यावर त्यांनीच उपाय काढला. उपासाची उकडलेली रताळी असायचीच, त्यातला एक तुकडा. पेढ्याला रताळं इतकं आवडलं की तो रताळ्याच्या नावावर तरटापर्यंत धावत जायचा.

सगळं उत्तम. फक्त एक गोष्ट सोडून. रोज सकाळी, एकदाच, तो हॉलच्या कोपऱ्यात, देवघरासमोर करायचा. नेमका तिथेच. दुसऱ्या कुठल्याही खोलीत नाही, सोफ्याखाली नाही, दाराशी नाही. देवघरासमोर.

काकूंनी एके दिवशी मुलाला बसवून सांगितलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट. "निलेश, भाद्रपद जवळ आला. गणपती त्याच कोपऱ्यात बसतात, आपल्याकडे दुसरी जागा नाही. तुझ्या बाबांच्या वेळेपासून बसतात. गणपतीसमोर हे झालं तर मी ते सहन करणार नाही. तोपर्यंत थांबला तर ठीक. नाहीतर त्याची सोय बघ." निलेश साधा माणूस, आईच्या शब्दाबाहेर नाही. त्याने मुरबाडच्या मित्राशी बोलूनही ठेवलं.

मी जायला निघाले तशी अनुजा माझ्याबरोबर लिफ्टपर्यंत आली. लिफ्ट आली, तिने जाऊ दिली. मग म्हणाली, "ताई, मला काही मागायची सवय नाहीये. माहेरीही नव्हती, इथेही नाही. साडीसुद्धा यांनी आणली ती नेसते. हे एवढं एकच मी स्वतःहून आणलं घरात."

"तो राहील," मी म्हटलं. म्हणायला नको होतं, कारण का करतो तेच मला कळलं नव्हतं.

मी नेहमीचं सगळं करून बघितलं होतं. कोपरा अनुजा व्हिनेगरने पुसायची, मी दाखवलं होतं तसा, दोनदा. तिने व्हॉट्सअॅपवर मला व्हिडिओ पाठवला. पेढा सकाळी उठतो, तरटावर शू करतो, रताळं खातो, खेळतो, मग टुणटुण हॉलमध्ये येऊन देवघरासमोर हुंगतो, दोन गिरक्या घेतो आणि बसतो. त्याच्या चेहऱ्यावर अपराधी भाव नाही. उलट, मी इथेही नीट केलं बरं का, रताळं कुठाय, असा भाव. मला वाटलं समईच्या तेलाचा वास असेल. मग वाटलं फुलांचा. अनुजाने आठवडाभर समई वर ठेवली, फुलं झाकून ठेवली. काही फरक नाही.

शेवटी एका सकाळी मी पूजेच्या वेळी गेले. पेढ्याचं करून झालं होतं, अनुजा पुसून ऑफिसला गेलेली, काकू आत देवाची भांडी घासत होत्या. मी चपला काढल्या, त्या कोपऱ्यात गेले, गुडघे टेकले आणि नाक थेट लादीला लावलं. या वयात ते काही शोभून दिसत नाही, पण या कामात नाक वापरावंच लागतं. व्हिनेगरचा आंबूस वास होता, हलका. आणि त्याच्यावर आणखी एक वास होता. गोठ्याचा. आमच्या आंबिवलीच्या खोलीमागे तबेला होता, तो वास मी झोपेतसुद्धा ओळखीन.

"काय गं, काय हरवलं?" काकू दारात उभ्या.

मी तशीच बसून राहिले. "काकू, अनुजाने पुसल्यावर तुम्ही इथे काही शिंपडता का?"

"म्हणजे काय. गोमूत्र शिंपडते. देवघर आहे ते."

"रोज?"

"तो रोज करतो, मी रोज शिंपडते." देवघराच्या खालच्या फडताळातून त्यांनी बाटली काढून दाखवली. "तुझं ते व्हिनेगर, ते कशाचं करतात गं? आंबवूनच ना? दारूसारखंच ते. त्याने पुसलेल्या जागेवर मी देवाचा दिवा कसा लावू? म्हणून ती गेली की शिंपडते. तिच्यासमोर नाही. तिला वाटेल सासूला माझं काम पटत नाही."

मला हसू आलं आणि ते मी दाबलं, कारण काकू गंभीर होत्या. सून सकाळी वास घालवत होती. सासू तिचं मन राखायला ती गेल्यावर गुपचूप वास घालत होती. दोघी एकमेकींशी इतकं जपून वागत होत्या, की पिल्लाला रोज निमंत्रण जात होतं.

"काकू, बसा जरा," मी म्हटलं. "तुम्ही शिंपडता ते आपल्यासाठी पवित्र आहे. मान्य. पण त्याच्या नाकाला ते काय आहे? कुणीतरी जनावर इथे बसून गेलंय, एवढंच. त्याला वाटतं, अरे, ही ठरलेली जागा. आणि घरात एवढी माणसं, तरी रोज सकाळी कुणीतरी येऊन ताजं करून जातंय."

काकूंनी बाटलीचं बूच घट्ट केलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच त्याला रोज पाटी लावून देते, इथे करा म्हणून?"

"तसंच काहीतरी."

"गाय कुठली आणि कुत्रा कुठला, एवढंही कळत नाही त्याला?"

"ते कळतं त्याला. आपल्यापेक्षा जास्त कळतं. सोवळं-ओवळं तेवढं कळत नाही."

त्यांनी पदराने बाटली पुसली, उगाच. मला वाटलं रागावल्या. त्या विचार करत होत्या. "मग मी देवासमोरची जागा शुद्ध कशी करायची? हा तुझा प्रश्न नाही, माझा आहे. पण मी काही न शिंपडता नाही बसू शकत."

"गंगाजल आहे?"

"काशीहून वन्संनी आणलेलं आहे, सीलबंद. ते असं रोज वापरायचं नसतं." मग त्यांचा त्यांनाच मार्ग सुचला. "तुळशीचं पान घातलेलं पाणी चालेल?"

"पळेल. एकदम पळेल."

"बरं." त्या उठल्या, आणि मला वाटलं विषय संपला. त्या बाटली घेऊन स्वयंपाकघरातून मागे गेल्या. मी मागोमाग गेले. काकू ड्राय बाल्कनीत उभ्या होत्या आणि तरटावर गोमूत्राचे चार थेंब शिंपडत होत्या, पूजेत शिंपडतात तसेच, बोटांनी. "इतकी महागाची बाटली," त्या म्हणाल्या, "फुकट कशाला घालवायची. पाटी लावायचीच तर योग्य जागी लावू."

इतकी वर्षं मी हे काम करते. ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती आणि मलाही सुचली नव्हती. आज मी ती दुसऱ्या घरांत सांगते. डोंबिवलीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही कुठल्या पुस्तकात आहे. म्हटलं, मानपाड्याला आहे.

कोपऱ्याचा जुना वास जायला थोडे दिवस गेले. लाद्यांच्या फटींत मुरलेला असतो तो. मधे एकदा पेढ्याने परत तिथे केलं, आणि अनुजाने मला रडत फोन केला. काकूंचा आवाज मागून येत होता, "अगं रडतेस काय, लहान आहे तो. आण ते तुझं व्हिनेगर. पाणी मी टाकते." मला तेव्हा कळलं की घरात काहीतरी हललंय. पण निलेशने मुरबाडच्या मित्राला नाही म्हणून कळवलं नव्हतं. काकूंचा शब्द काकूंनी मागे घेतला नव्हता. गणपतीसमोर झालं तर नाही, ते नाहीच.

चतुर्थीच्या दिवशी मला दर्शनाला बोलावणं होतं. मखर त्या कोपऱ्यातच. घर माणसांनी भरलेलं. काकूंच्या नणंद, उषाताई, पुण्याहून आलेल्या. त्यांना सगळे वन्संच म्हणत होते, शेजारीसुद्धा. काकू सोवळ्यात होत्या. ज्यांच्याकडे हे पाळत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नैवेद्याचा स्वयंपाक करणारी बाई आंघोळ करून धूतवस्त्र किंवा रेशमी नेसते आणि नैवेद्य दाखवून होईपर्यंत कुणाला शिवत नाही. शिवली तर परत आंघोळ. काकू पहाटेपासून मोदकांना बसल्या होत्या. अंजिरी रंगाचं जुनं रेशमी लुगडं. मुलं त्यांच्या बाजूने जाताना अंग चोरून जायची.

पेढा बेडरूममध्ये बंद होता. मी त्याला आधी तरटावर नेऊन आणलं होतं. आरती सुरू झाली. निलेश मोठ्याने म्हणत होता, कुणीतरी झांजा जोरात वाजवत होतं, अनुजाच्या हातात निरांजनाचं तबक. कुण्या पाहुण्याला बाथरूम हवी होती, त्याने चुकीचं दार उघडलं.

मी मागे, चपलांच्या बाजूला उभी होते. मला दिसलं ते इतकंच, की माणसांच्या पायांतून एक मातकट शेपटी पुढे चालली आहे. झांजांनी घाबरलेला होता. घाबरलेल्या पिल्लाला हमखास लागते. तो मखरासमोर मोकळ्या जागेत गेला, नाक खाली घातलं, आणि एक गिरकी घेतली.

अनुजाने बघितलं. तिच्या हातातलं तबक थांबलं, पण ते ठेवणार कुठे. निलेशचा आवाज एका ओळीवर अडकला. मी पुढे जायला बघत होते, पण मधे वीस-पंचवीस माणसं हात जोडून उभी. वन्संनी तोंडावर पदर नेला. पेढ्याने दुसरी गिरकी घेतली.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून एकट्या. त्या दोन पावलं पुढे आल्या, वाकल्या, एका हाताने पेढ्याच्या पोटाखाली धरून त्याला उचललं, त्या रेशमी लुगड्याशी घट्ट, आणि वळून आत गेल्या. कुणाला काही कळायच्या आत. निलेशने ओळ पुढे चालू केली. झांजा परत लागल्या.

मी बाजूच्या पॅसेजमधून कशीबशी मागे पोचले. काकू ड्राय बाल्कनीत, लुगड्याचे काठ वर धरून उभ्या. पेढा तरटावर. "कर हो बाळा. सावकाश. कुणी ओरडत नाही तुला." त्याने केलं. भरपूर केलं. काकूंनी ओट्यावरून काहीतरी चिमटीत उचलून त्याला दिलं. ते रताळं नव्हतं. मोदकाची पारी होती, नैवेद्याला घेताना फुटलेली, बाजूला काढलेली.

"काकू, मी उचललं असतं," मी म्हटलं.

"तू मागे होतीस. आणि तूच सांगितलंस ना, फिरायला लागला की वेळ नसतो." मग त्यांनी स्वतःकडे बघितलं. लुगड्यावर पिल्लाचे केस. "सोवळं गेलं. अनुजाला सांग गिझर लावायला."

तोवर वन्सं आल्याच. त्यांनी पिल्लाकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. "वहिनी, सोवळ्यात कुत्रं उचललंत? चतुर्थीला? आता नैवेद्याचं काय?"

"नैवेद्य अर्धा तास थांबेल, वन्सं," काकू म्हणाल्या. "देवाला थांबता येतं. याला येत नाही."

अनुजा तबक ठेवून धावत आली होती, ती दारातच उभी राहिली. काकूंनी तिला म्हटलं, "बघत काय उभी राहिलीस? त्याला आत नेऊन ठेव. आणि त्या दाराला बाहेरून कुलूप लाव, पाहुण्यांना दारं कळत नाहीत." त्या आंघोळीला गेल्या. मोदक गार झाले. नैवेद्य उशिरा झाला आणि जेवणं त्याहून उशिरा झाली. भुकेने माणसं जरा चिडली होती, पण मोदक चांगले होते, त्यामुळे कुणी बोललं नाही.

निलेशने त्या संध्याकाळी मुरबाडच्या मित्राला फोन केला आणि नको म्हणून सांगितलं. मला हे अनुजाने सांगितलं नाही, काकूंनी सांगितलं. "मीच म्हटलं त्याला, लाव फोन माझ्यासमोर."

इंजेक्शनं पूर्ण झाल्यावर पेढा खाली जायला लागला. सकाळी अनुजा नेते, संध्याकाळी काकू नेतात, हातात एक काठी घेऊन, इतर कुत्र्यांसाठी. पेढा आता चांगला मोठा झालाय. देवघरासमोरचा कोपरा कोरडा आहे. तो घरात कुठेही करत नाही, आणि तो त्याच घरात राहतो.